नीळकंठरावांची गाडी साधं पीत नाही

ज्या देवाने समुद्रमंथनातलं हलाहल घशात ठेवून पचवलं, त्याचं नाव आईबापांनी हौसेनं ठेवायचं, आणि त्याच माणसाच्या गाडीला साधं पेट्रोल पचू नये, असं आमच्या यवतमाळातच होतं.

नीळकंठराव माझे शेजारी. आमच्या दोन अंगणांमधली भिंत कमरेएवढी आहे, त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंचसं मला आपोआप कळतं. जे कळत नाही ते विमलवहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, भाजी निवडता निवडता सांगतात. त्याही जे सांगत नाहीत ते मी विचारतो. या वयात माणसाला दुसरा उद्योग काय?

राव सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवडणुका आल्या की पेट्यांना लाखेचं सील मारायचं काम त्यांच्याकडे असायचं, आणि त्यांनी मारलेलं सील फोडताना मोजणीवाल्यांच्या नखांचं वाटोळं व्हायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी चंदेरी रंगाची एक लहानशी गाडी घेतली. इतकी साधी, की तिच्याहून साधी करायची म्हटली तर कंपनीला एक चाक कमी करावं लागलं असतं. पण तिच्या पोटात जाणार ते फक्त प्रीमियम पेट्रोल. शनिवारी लोक मारुतीला तेल घालायला जातात. आमचे राव गाडीला प्रीमियम घालायला गावाबाहेर लोहाऱ्याच्या पंपावर जातात. आमच्या कोपऱ्यावर पंप आहे, तिथंही प्रीमियम मिळतं. पण राव म्हणतात, "इथचं बसलेलं असते, मास्तर. घेणारेच कमी. लोहाऱ्याले कारखान्यातल्या साहेबलोकांच्या गाड्या येतात, तिथचं ताजं."

पेट्रोलही दुधासारखं सकाळचं आणि संध्याकाळचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यांचा मुलगा क्षितिज पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मागच्या दिवाळीत आला तेव्हा त्याने या भिंतीपाशीच बापाला समजावलं. म्हणाला, "बाबा, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, धीर. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं, तेव्हा ठिणगी पडायच्या आत ते भडकू नये, एवढाच त्याचा अर्थ. जास्त दाबणाऱ्या इंजिनाला जास्त धीराचं पेट्रोल लागतं. आपली गाडी बिचारी दाबते कितीसं? तिला प्रीमियम म्हणजे उघड्या दाराला धक्का मारायला पहिलवान बोलावणं."

"तू गाड्या बनवतं, मी चालवतो," राव म्हणाले. "अन् महागावचं काय?"

'महागावचं काय' हा रावांचा हुकमाचा एक्का.

महागाव म्हणजे विमलवहिनींचं माहेर. आर्णीवरून जावं लागतं, रस्ता बराच लांबचा. गाडी महागावला जाऊन परत यायची आणि पेट्रोलचा काटा घरून निघताना होता तिथंच असायचा. अमरावतीला गेले, नागपूरला गेले, की चारचौघांच्या गाडीसारखा घसरायचा. राव म्हणायचे, अमरावतीची हवा जड आहे. पण महागावच्या वाटेवर प्रीमियम आपले खरे गुण दाखवतं, आणि या चमत्काराला इंजिनिअर पोरापाशी उत्तर नव्हतं.

उत्तर होतं. ते महागावात सगळ्यांना ठाऊक होतं, विमलवहिनींना होतं, आणि गेल्या वर्षापासून मलाही होतं.

वहिनींचं माहेर शेतकऱ्याचं. कापूस, सोयाबीन, तूर, सगळं व्यवस्थित. त्या घराची जुनी रीत अशी, की जावयाचे बैल उपाशी परत पाठवायचे नाहीत. आत जावई पुरणपोळी खायचा तेव्हा बाहेर त्याच्या बैलांपुढे पेंडीची ढेप आणि सरकी पडायची. बैल रिकाम्या पोटी गेले तर घराची मान खाली. पुढे बैल गेले, त्यांची दमणी गाडी गेली. रीत कुठं जाणार? राव पहिल्यांदा गाडी घेऊन गेले तेव्हा वहिनींचे थोरले भाऊ पुंडलिकराव सरळ मनानं म्हणाले, "जवाईबुवा, टाकी भरून आणतो."

राव उखडले. "माही गाडी साधं पीत नाही!"

महागावच्या पंपावर साधंच मिळायचं. पुंडलिकराव गप्प बसले. रावांच्या सासूबाई, रुक्माबाई, बसल्या नाहीत. मुलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बैलाले ढेप टाकाची तं बैलाच्या धन्याले कोणी विचारते का रे? जवाईबापू नाही म्हणतीन. गाडी म्हणते का?"

तेव्हापासून ठरलेलं. राव जेवून कूलरपुढे आडवे झाले की पुंडलिकराव किल्ली उचलायचे, "गाडी धुऊन आणतो" म्हणायचे, आणि येताना जाण्यायेण्यात जेवढं जळेल तेवढं साधं पेट्रोल बरोब्बर भरून आणायचे. संध्याकाळी धुतलेली गाडी आर्णीच्या पुढं आली की राव काट्याकडे बोट दाखवायचे. "पाह्य विमल! याले म्हणतात प्रीमियम!"

म्हणजे प्रीमियमवरची त्यांची सगळी श्रद्धा महागावच्या साध्या पेट्रोलवर चालत होती.

मी वहिनींना विचारलं, सांगत का नाही? त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे कचेरीतलं माणूस. सासरवाडीनं आपल्याले येडं बनवलं असं समजलं, तं पुन्हा महागावात पाय टाकाचे नाही. अन् माह्या गुडघ्यानं एष्टीची पायरी चढणं होत नाही. आई थकली आता. याईची गाडी थांबली का माहं माहेर थांबलं."

मला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं, असं लोक म्हणतात. पण ही मी पोटात ठेवली. अजीर्ण झालं, तरी ठेवली.

यंदा भर उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक मास म्हणजे जावयाचा महिना; महागावचं बोलावणं आलंच. तेवढ्यात क्षितिजने फोनवर बापाला डिवचलं. "बाबा, या वेळी पंच घेऊन जा. पुराव्याशिवाय मी मानणार नाही."

अव्वल कारकुनाला पुरावा मागायचा असतो का? रावांनी लोहाऱ्याला जाऊन टाकी काठोकाठ भरली. घरी येऊन कपाटातून लाखेची कांडी, मेणबत्ती आणि कागदाची पट्टी काढली. टाकीच्या झाकणावर पट्टी चिकटवली, तिच्यावर स्वतः सही केली, पंच म्हणून माझी घेतली. मेणबत्ती गाडीपासून लांब धरायची अक्कल त्यांना होती. लाख अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पातळ करून, पळीत घेऊन, पळत आले आणि पट्टीच्या दोन्ही टोकांवर ओतली. वर नाणं दाबलं. चंदेरी गाडीला कुंकू लावल्यासारखं दिसत होतं.

"एवढं कायले करून राह्यले?" मी विचारलं.

"संशयाले जागा नको, मास्तर."

दारात कपड्यांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या वहिनींनी ते सील पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पिशवीसारखाच लोंबला.

महागावात थाट काय विचारता! पाय धुवायला पाणी, औक्षण, चांदीची वाटी, अनारसे, पुरणाचे धोंडे, त्यावर आमरस. पंचाच्या पानातही काही कमी नव्हतं. राव तृप्त होऊन वाळ्याच्या कूलरपुढे आडवे झाले आणि घोरू लागले. पुंडलिकराव किल्ली घेऊन बाहेर आले. मागोमाग वहिनी, आणि वहिनींच्या मागे मी, कारण असं काही चुकवणं माझ्या प्रकृतीला सोसत नाही.

"हे काय जी?" निंबाच्या सावलीत उभ्या गाडीकडे पाहून पुंडलिकराव म्हणाले. "पट्टी काहून बांधली? लागलं का गाडीले?"

"सील आहे," मी म्हटलं. "पंचासमक्ष."

"पंच कोण?"

"मीच."

"मंग मास्तर, पंचानं थोडे डोळे मिटा न."

"दादा, हात नोको लावू," वहिनी म्हणाल्या. "सील फुटलं तं त्याईले झोपेतई समजन."

"उन्हानं लाख पघळली म्हणू."

"हो! अन् टाकीतलं पेट्रोलई उन्हानंच वाढलं म्हणू?"

आतून रुक्माबाईंचा आवाज आला. "पुंडलिका, झालं का रे गाडीचं जेवण?"

नातवंडं खेळवणारा माणूस, पण चोरी सापडलेल्या पोरासारखा खाली मान घालून म्हणाला, "आई, गाडीचा आज उपास हाय."

म्हातारी काठी टेकत ओट्यावर आली. सील पाहिलं, आमची तोंडं पाहिली. "धोंड्याच्या महिन्यात जवायाची गाडी उपाशी?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. नंतर डिकीत तुरीच्या डाळीचं पोतं पडलं, आंब्यांची टोपली पडली, पण तिच्या जिवाला काही बरं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर मी मागे बसून फक्त काट्याकडे पाहत होतो. मला दोन्हीकडून करमणूकच होती. पण पुढच्या सीटवर वहिनी पिशवीचे बंद पिळत बसल्या होत्या, ते पाहून करमणूक अर्धी झाली.

आर्णीच्या अलीकडे रावांनी काट्याकडे पाहिलं. मग काचेवर टिचकी मारली. काटा हलला, पण खालीच. त्यांनी एसी बंद केला, काचा उघडल्या. भट्टीसारखी हवा आत आली. आर्णी गेलं. काटा आणखी घसरला. राव रस्त्याच्या कडेला थांबले, उतरले, वाकून सील पाहिलं. पट्टी धड, सह्या धड, लाखेवरचा ठसा धड. फुटलेलं असतं तर बरं, कोणावर तरी ओरडता आलं असतं.

ते येऊन बसले. गाडी सुरू केली नाही.

"सील शाबूत आहे," ते म्हणाले. "म्हंजे यंदाच नाही पुरलं. अन् इतके साल पुरत होतं... सील नव्हतं तेव्हा..."

सरकारी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकावी तसा विचार सरकताना आम्हाला दिसत होता. काटा, मग दुपारची झोप, मग धुतलेली गाडी. अजून दोन टेबलं ओलांडली, की फाइल पुंडलिकरावांच्या हातातल्या किल्लीपाशी पोचणार होती, आणि मग महागाव कायमचं बंद.

"मी म्हणतच होती," वहिनी एकदम म्हणाल्या. "कोंडलं असन ते."

"कोण?"

"पेट्रोल. साध्याचं काय, ते कसंई राह्यते. हे भारीचं. त्याले श्वास लागत असन. तुमी चहूकडून लाख लावून बंद केलं. माणूस तरी कोंडला तं काम करते का?"

एक ट्रक भर्रकन गेला.

"मास्तर," राव आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुमाले काय वाटते?"

मी शाळेत विज्ञान शिकवलेलं. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांनी हे ऐकलं असतं तर जुने मार्क परत मागितले असते. मी गंभीरपणे म्हटलं, "बरणीचं झाकण फार घट्ट लावलं तं लोणचंई नासते."

याचा विज्ञानाशी काही संबंध नाही. लोणच्याशीही नाही. पण रावांच्या कपाळावरची आठी गेली.

"म्हंजे प्रयोगच चुकला!"

"चुकलाच," मी म्हटलं.

"पुन्हा करा लागन. बिनसीलाचा."

"याच महिन्यात?" वहिनींनी विचारलं, आणि आवाज असा काढला, की जणू माहेरी जाणं म्हणजे डोक्यावर पाण्याची गुंडी चढवणं.

"याच महिन्यात. नाहीतं तुहा पोरगा म्हणन बाप पळाला. तुले जड जात असन तं..."

"आता तुमीच म्हणता तं येतो बापा."

एका धोंड्यात दोनदा माहेर, असं वहिनींच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

दुसऱ्या फेरीला राव मुद्दाम अर्ध्यावर काटा ठेवून निघाले. हलला तर लगेच दिसावा. सील नाही, पट्टी नाही, झाकण मोकळं. पंच मात्र होता, कारण आमरसही होता. राव झोपले. पुंडलिकराव किल्ली घेऊन निघाले, तोच म्हातारीने ओट्यावरून हाक मारली. "मागच्या खेपेचं राह्यलं होतं रे. तेई घालून दे. बाकी नोको ठेवू जवायाची."

पुंडलिकराव आईचा शब्द मोडणाऱ्यांतले नाहीत.

संध्याकाळी आर्णीच्या पुढं आलो. रावांनी सवयीनं काट्याकडे पाहिलं. मग नीट पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा पाहिलं. घरून अर्ध्यावर निघालेला काटा आता टाकीच्या वरच्या टोकाला जाऊन टेकला होता. वहिनी बाहेर नांगरलेल्या वावरांकडे असं पाहत होत्या, की जणू ती विकत घ्यायची आहेत.

"विमल," राव हळूच म्हणाले.

"काय?"

"वाढून राह्यलं!"

"मोकळं होतं न आज," वहिनी म्हणाल्या.

रावांनी काट्याचा फोटो क्षितिजला पाठवला. रात्र व्हायच्या आत मला पुण्याहून फोन. "काका, तुम्ही पंच होता. हे शक्य तरी आहे का?"

"तुझ्या कारखान्यात नसेल, बाबा," मी म्हटलं. "महागावात आहे."

आता राव पोळ्यालाही तिकडेच जायचं म्हणतात. त्यांच्या मते गाडीला महागावची हवा मानवते.