दोन पलंगांची एक चादर

माझा मामा शिंपी. त्याच्यासोबत राहायचे कंपाउंडरकाका. ते एका दवाखान्यात औषधं द्यायचे, म्हणून हे नाव. कोणी विचारलं की मामा सांगायचा, "माझा मावसभाऊ." म्हणजे ते माझ्या आईचेही मावसभाऊ व्हायला हवेत, पण ही मावशी कोण, हे आईला जन्मात कळलं नाही. घरात दोन पलंग होते. काकांच्या पलंगावरच्या चादरीला सुरकुती पडलेली मी कधी पाहिली नाही. आम्ही सगळे समजून होतो आणि सगळे गप्प होतो. त्याची मला आज लाज वाटते.

गेल्या वर्षी काका विसरायला लागले. आंघोळ झाली का, हेसुद्धा मामाला विचारायचे. मामाचे गुडघे कामातून गेलेले. शेवटी दोघांनी वृद्धाश्रमात जायचं ठरवलं. फॉर्ममध्ये नात्याच्या रकान्यात मामाने सवयीने लिहिलं, मावसभाऊ. मी शेजारीच उभी होते, तोंडाला कुलूप लावून.

तिथला नियम असा, की दोघांना मिळून एक खोली फक्त जोडप्यांना. मामा तळमजल्यावर, काका दुसऱ्या मजल्यावर. काका मामाला शोधत सारखे खाली यायचे. तिसऱ्या दिवशी जिन्यात पाय घसरला, थोडक्यात वाचले. मला बोलावणं आलं.

"आता बाहेरून कडी लावावी लागेल," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "माझा नाइलाज आहे."

मामा मापाची टेप बोटाभोवती गुंडाळत राहिला. दुकान बंद झालं तरी ती त्याच्या खिशात असतेच.

"बाई, फॉर्ममध्ये चूक झालीय. तो माझा भाऊ नाही." आवाज फाटला, तरी थांबला नाही. "एकेचाळीस वर्षं संसार केलाय आम्ही."

बाईंनी चष्मा पुसला.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं? उद्या पडले असते म्हणजे?" त्यांनी रकान्यातला शब्द खोडला. "काय लिहू?"

मामाला शब्द सुचेना. इतक्या वर्षांत त्याला तो कधी लागलाच नव्हता.

"जोडीदार लिहा," मी म्हणाले.

बाईंनी लिहिलं आणि पलंग खाली आणायला माणूस धाडला. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्यांना ते उपकार वाटलेही नसतील, त्या नुसत्याच वैतागल्या होत्या.

रविवारी भेटायला गेले. दोन्ही पलंग जोडलेले. आश्रमाच्या चादरी एकेका पलंगापुरत्या, म्हणून मामाने दोन चादरी मधोमध शिवून एक केली होती. काका बरोबर शिवणीवर आडवे होऊन घोरत होते. मला पाहताच मामा सवयीने उठला आणि चादर सारखी करायला वाकला. मग हात मागे घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "बस."

मी त्या चुरगळलेल्या चादरीवरच टेकले.