तिच्या लक्षात आलं होतं

"ताई, एकडाव पाहा ना," म्हणत ती लेकीची मिटलेली मूठ माझ्यापुढे धरायची. आपल्या अंगठ्यानं एकेक बोट हळूच उघडायची. अंगठा काढला की मूठ पुन्हा बंद.

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरजवळच्या खेड्यात मी अंगणवाडी चालवते. ती आमच्याच वस्तीतली, मजुरीला जाणारी. तिची मुलगी जन्मली तेव्हा रडली नव्हती. बारा दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावर सगळे म्हणाले, वाचली, झालं. ही मात्र तिच्यावर बारीक नजर ठेवून राहिली.

अशी आई तुम्हीही पाहिली असेल. शाळा फार झालेली नसते, पण लेकराचं काही तिच्या नजरेतून सुटत नाही. शेतातून सोयाबीन सोंगून आली की थेट माझ्याकडे. "बाकीचे लेकरं बसून राह्यले, ताई. हे काहून बसत नाही?"

"अवं, कोनी लवकर बसते, कोनी उशिरा. तू लय इचार करतं," मी म्हणायचे. पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवायचं म्हणजे कागद करा, फोन करा, तिच्यासोबत वाशीमला जा. माझ्या नोंदी तुंबलेल्या. मुलगी सात महिन्यांची झाली तेव्हा 'आधाराने बसते' यापुढे मी बरोबरची खूण केली. तिला बसवून पाहिलंही नाही.

मुलगी अडीच वर्षांची असताना तपासणीचं पथक आलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचे हातपाय हलवून पाहिले, जन्माचं विचारलं. "जन्मताना मेंदूला इजा झालीय. पूर्ण बरी झाली असती असं नाही. पण व्यायाम तेव्हाच सुरू झाले असते, तर हात एवढा आखडला नसता. इतके दिवस कोणाला दाखवलं नाही?"

मी रजिस्टर घेऊन शेजारीच उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आमी अडानी मानसं, मॅडम. आमच्याच ध्यानात नाही आलं."

मी रजिस्टर मिटलं.

पुढं दर मंगळवारी ती मुलीला कडेवर घेऊन वाशीमच्या एसटीत बसायची. शिकून आलेले व्यायाम घरी रोज करून घ्यायची. चार वर्षांची पोर खाट धरून उभी राहिली, तेव्हा तिची आई गूळ घेऊन सगळ्यांत आधी माझ्याकडे आली. तो गूळ मी पुडीतच बांधून ठेवला.

यंदा मुलीच्या शाळेसाठी ते कुटुंब वाशीमलाच राहायला गेलं. निघताना मी स्टॉपवर गाठलं तिला. "तुले एक सांगायचं होतं. त्या वक्ती मी..."

तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "राहू द्या ताई. गाडी सुटन."

गाडी अजून आलेलीही नव्हती.