ओइवामामानं लपवलेलं

माझी आई इम्पी चाळीस वर्षं तुंबड्या लावत आली. कुणाची पाठ धरली की माणसं शनिवारी दुपारी आमच्या सौनात, म्हणजे वाफेनं तापवलेल्या न्हाणीघरात, येत. ती गरम वाफेत त्यांच्या पाठीवर बारीक चिरे द्यायची, वर तुंबड्या बसवायची आणि वाईट रक्त काढायची. मला हे कधीच पटलं नाही. पण रक्त पातळ करायचं औषध घेणाऱ्याला ती दारातूनच परत पाठवायची. प्रत्येकाला विचारायची. धाकट्या भावाला, ओइवामामाला, विचारायचं तिला सुचलंच नाही.

सौनात घरचे सगळे उघडेच बसतात; त्या शनिवारी मामा मात्र पोट झाकेल असा पंचा गुंडाळून बसला.

"सौनात पंचा? बहिणीची लाज वाटायला लागली का रे?" आई म्हणाली.

"थंडी वाजते."

नव्वद अंशांत थंडी! मी हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

एरवी तुंबडीतलं रक्त थिजून काळजासारखं होतं. मामाचं लालभडक, पातळ वाहतच राहिलं. आईनं तुंबड्या काढल्या, बोटांनी चिरे दाबले. एक थांबेना, तर आठ कुठून थांबणार? आम्ही त्याला बाहेरच्या गार खोलीत आणलं. मी दाबायला पंचा ओढला आणि त्याचं पोट दिसलं. सुयांच्या खुणा, निळे-हिरवे डाग.

"हे काय, ओइवा?"

"स्वादुपिंडात कॅन्सर आहे, ताई. दीड महिना झाला. त्यानंच पायात रक्ताची गुठळी झाली म्हणतात. रोज इंजेक्शन घेतो."

"मग इथं कशाला मरायला आलास?"

"रक्त गोठतंय म्हणाले. म्हटलं, तू ते गोठणारं काढून टाकशील."

मी फोन केला. ॲम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागणार होती. आम्ही दोघी चार हातांनी त्याची पाठ दाबून बसलो. टॉवेल भिजले, मग चादर भिजली. मामाचे ओठ पांढरे पडले. आई एका सुरात त्याला शिव्या देत होती, तो झोपू नये म्हणून. माझे हात बधिर झाले होते.

ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा रक्त नुसतं झिरपत होतं. त्यांनी पट्ट्या आवळल्या. स्ट्रेचरवरून मामानं विचारलं, "पुढच्या महिन्यात येऊ ना?"

"तुंबड्या नाही लावणार."

"मग तुझ्याकडे माझ्यासाठी उरलं काय?"

आई खाली वाकली. "ये तू. नुसती पाठ चोळून देईन," म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.