शेजारच्या बाईंचं ‘अहाहा’

आमच्या मलकापुरात शेजारी राहणाऱ्या बाई केबलवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करतात. घास तोंडात जायच्या आधीच त्या डोळे मिटून ‘अहाहा’ म्हणतात. एकदा त्या माझं वांग्याचं कालवण दाखवायला घरी आल्या. कॅमेरा बघून मी इतकी घाबरले, की कांदा-लसूण चटणी दोनदा घातली. बाईंनी घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. आता त्या सगळ्यांदेखत बोलणार म्हणून मी मान खाली घातली. पण बाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “अहाहा! मला माझ्या आईची आठवण आली.”

शूटिंग बघायला बरोबर आलेली त्यांची आई मागेच खुर्चीवर बसली होती. ती ओरडली, “अगं, मी हितंच हाय की!”

“तू गप गं आई,” बाई नाक पुसत म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा घास घेतला.