बाबांची बेताल नाडी

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पांढुर्ण्यात थंडी सुरू झाली आणि बाबांच्या कानांना मफलर गुंडाळला गेला... आमच्या घरचा तो नियमच होता.

कारण आजोबा आणि मोठे काका, दोघांच्याही अंगावरून पन्नाशीच्या आत वारं गेलं होतं. लकवा म्हणजे वारं लागणं, हे घरात ठाम! म्हणून बसची खिडकी बंद, पंखा बंद, कान बंद.

त्या वर्षी मी सौंसरच्या शाळेत शिकवता शिकवता चक्कर येऊन पडले. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाची इको तपासणी केली. म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड आहे, हे घराण्यातून येतं. अशा हृदयाचे ठोके अनियमित झाले की आत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली की लकवा. माझे ठोके ठीक होते... पण वडिलांना घेऊन या म्हणाले.

घरी येऊन बाबांची नाडी पाहिली. दोन ठोके धड सारखे नव्हते.

पण बाबा कसले ऐकतात! "मले का झालं? मफलर हाय न!" आठ दिवस मी रडले, भांडले, अबोला धरला... ढिम्म. म्हटलं थांबा, मीही तुमचीच पोरगी आहे.

बाबा भजन मंडळात खंजिरी वाजवायचे. कुणाचा ताल चुकला की भर भजनात ओरडायचे. गुरुवारी ते भजनाला निघाले आणि मी दारात आडवी उभी राहिले. त्यांची बोटं त्यांच्याच मनगटावर ठेवली. "बाबा, याच्यावर ठेका धरून दाखवा, मंग जा."

हसत हसत त्यांनी पायाने ठेका धरला. चुकला. पुन्हा धरला... पुन्हा चुकला. मग मनगटावरची बोटं काढून घेतली.

"हे त साफ बेताल हाय वं," हळूच म्हणाले. "सकाळची गाडी किती वाजता हाय?"

गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या, गोळ्यांनी रक्त किती पातळ झालं ते तपासायला नागपूरच्या फेऱ्याही. कुरकुरायचे, पण मी एकही फेरी चुकू दिली नाही. मफलर काही सुटला नाही... असू दे म्हटलं.

काकांचा उजवा हात कायमचा लुळा पडला होता. बाबांचा उजवा हात शेवटपर्यंत खंजिरीवर पडत राहिला.

आता रोज सकाळी मी मनगटावर बोटं ठेवून पायाने ठेका धरते. चुकला, तर कुणी मला दारात अडवायची गरज पडणार नाही, बाबा... सकाळची गाडी मी स्वतःच धरेन!