आईच्या वाट्याचं पान

प्रौढांना वाचायला कसं शिकवावं, हे लोकांना सांगणं हा माझा धंदा आहे. रायपूरच्या एका संस्थेत मी संशोधन करते, म्हणजे वस्त्यांमधले साक्षरता वर्ग बघते, तिथल्या बायांशी बोलते, त्यावर लिहिते आणि मग वर्ग चालवणाऱ्या दीदींना बोलावून ते लिहिलेलं त्यांना शिकवते. संशोधन कपाटात पडून राहू नये, ते वर्गात उतरलं पाहिजे, असं मी प्रत्येक प्रशिक्षणात तावातावाने बोलते. माझी एक पातळशी पुस्तिकाही आहे. तिच्यात दोन गोष्टींवर माझा फार जोर. मोठ्या माणसाला लहान पोरांच्या बाराखडीला बसवू नका, त्याच्या कानात आणि तोंडात आधीपासून असलेल्या मजकुरापासून सुरुवात करा, ही एक. आणि तो खरंच वाचतो आहे की पाठ म्हणतो आहे हे बघायला मध्येच त्याच्यापुढे अनोळखी उतारा ठेवा, ही दुसरी. ही दुसरी मी जरा जास्तच ठासून सांगते, कारण ती सांगताना मी हुशार दिसते.

माझ्या आईला वाचता येत नव्हतं, हे मात्र संस्थेत कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. घरातलं लिहिण्यावाचण्याचं सगळं ते बघायचे, ते गेल्यावर मी बघायला लागले. मी समता कॉलनीत राहते, आई अजून स्टेशनापलीकडे आमच्या जुन्या घरात. दुसऱ्यांच्या आयांना शिकवताना माझ्या अंगी कुठून कुठून धीर येतो. आईला एकदा पाटी घेऊन बसवलं होतं, तर अर्ध्या तासात मी तिच्यावर खेकसले होते. त्यानंतर तिनेही विषय काढला नाही आणि मीही सोयीस्करपणे विसरले.

गेल्या हिवाळ्यात ती आपणहून पाऱ्यातल्या, म्हणजे तिच्या मोहल्ल्यातल्या, सामुदायिक भवनात भरणाऱ्या वर्गाला जायला लागली. तो वर्ग चालवणारी दीदी माझ्याच हाताखाली शिकलेली. खरं म्हणजे मी पेढे वाटायला हवे होते. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "दीदीला माझं नाव सांगू नको."

"काहून?" आईने विचारलं.

"उगाच. ती बिचारी दबून राहील."

आईने माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली. दीदी कशाला दबून राहणार होती! मॅडमची स्वतःचीच आई निरक्षर, असं प्रशिक्षणाच्या मधल्या चहात कोणी कुजबुजेल, याची मला धास्ती होती. हे लिहितानाही माझे कान गरम होत आहेत.

आई वर्गाला का गेली, हे मला मागाहून कळलं. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एकाने एक पान वाचायचं, मग ग्रंथ पुढच्याच्या हातात. आई इतकी वर्षं मागे भिंतीला टेकून बसायची आणि ग्रंथ जवळ आला की पाणी द्यायला उठायची. ऐकून ऐकून तिला पानंच्या पानं तोंडपाठ झाली होती. पण यंदा तिला समारोपाच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, एक पान स्वतः वाचायचं होतं. वाचन चालवणाऱ्या बाईंकडे तिने नाव देऊन आपलं पान ठरवून ठेवलं होतं. दीदीनेही माझी पुस्तिका प्रमाण मानून तोच ग्रंथ वर्गात घेतला, आईने घरातली प्रत नेली. दीदी छत्तीसगढी, ग्रंथ मराठी, पण तिचं म्हणणं, "अक्षर तो वही है न अम्मा." मग दोघी बोट ठेवून एकेक शब्द लावत बसायच्या. आईने मला फोनवर सांगितलं होतं, "आता काही काही शब्द आपल्याच मनानं लागून राहिले." मी तेव्हा गाडी चालवत होते. "वा" म्हटलं आणि फोन ठेवला.

पावसाळा सरता सरता दिल्लीहून दोन पाहुणे आमचं काम बघायला यायचे ठरले. ऑफिसने सोयीचा म्हणून नेमका आईचा वर्ग निवडला. दुसरा वर्ग सुचवायचा तर कारण द्यावं लागलं असतं. आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, उद्या नाही गेलीस तर नाही का चालणार. ती म्हणाली, "दीदीनं लय आग्रह केला, तिले काय सांगू? तू घोर नको करू. मी नाही दाखवत ओळख." इतक्या सहज म्हणाली, की मला हायसं वाटलं. हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते.

वर्गात आई पहिल्या रांगेत, इस्त्रीची साडी नेसून. दीदी तिला म्हणाली, "अम्मा, अपना वाला पन्ना पढ़ के सुनाओ न." आईने ग्रंथ मांडीवर घेतला आणि पान घडाघडा वाचलं. पाहुणे खूश झाले. मग त्यांतल्या एकाने हळूच मला विचारलं, हे वाचन कशावरून, पाठ कशावरून नाही? प्रश्न माझ्या आवडीचा होता. मी पुढे झाले, आईच्या मांडीवरचा ग्रंथ उचलला, भलतंच पान काढलं आणि तिच्यापुढे धरून म्हणाले, "माताजी, ज़रा ये पढ़िए."

माझ्या आईला मी माताजी म्हणाले. बाजारात अनोळखी म्हातारीला वाट विचारताना म्हणतात तसं.

आईने त्या पानाकडे बघितलं. तिचे ओठ हलले, एक शब्द आला, दुसरा आला. पाहुण्याने मनगट वळवून घड्याळ बघितलं. मग आईने मान ताठ केली आणि नव्या पानावर नजर ठेवून जुनंच पान पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, तितकंच घडाघडा. मराठी न कळणाऱ्या पाहुण्यांनाही ते कळलं. ते एकमेकांकडे बघून हसले. दीदीची मान खाली गेली. आणि मी काय केलं, तर मीही त्यांच्यासारखी हसले.

संध्याकाळी आईकडे गेले तेव्हा ती ताटात मेथी निवडत होती. तिनेच आधी विचारलं, "बरं झालं ना तुह्या पाहुण्याईचं?"

"समोर दुसरं पान होतं आई. तू तेच का म्हटलंस?"

"दिसत होतं मले दुसरं आहे ते. लागूनही राहिलं होतं, पण हळूहळू. अन् तो साहेब घड्याळ पाहे. मले वाटलं, मी अशी अडखळली तं तुह्या शिकवण्याले नावं ठेवतीन. म्हणून येते ते म्हणून टाकलं." मेथीच्या काड्या तिने एका बाजूला सारल्या. "चुकलं का माहं?"

मी नाही म्हटलं. चहा न घेताच निघाले.

पाहुण्यांचा अभिप्राय आला. ओळखीच्या मजकुराने पाठांतर वाढतं, ही पद्धत थांबवावी. एका बाईच्या दोन मिनिटांवरून असा निष्कर्ष माझ्या हाताखालच्या कोणी काढला असता, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण इथे भांडायचं तर ती बाई कोण, तिने तसं का केलं, हे सांगणं आलं. मी तोंडाला कुलूप लावलं. इतकंच नाही, सगळ्या दीदींना यापुढे फक्त बाराखडीची प्रवेशिका वापरा असं कळवणारा मजकूर मीच तयार केला, भाषा माझी चांगली आहे म्हणून. दीदीने ग्रंथ आईला परत दिला. संशोधन असं वर्गात उतरलं.

समारोपाला मी विहारात गेले. खिरीचा वास भरून राहिला होता. आईशेजारी जागा धरून बसले आणि बघते तर पलीकडे दीदी, नवी कोरी साडी नेसून. आईचं वाचन ऐकायला ती मुद्दाम आली होती, आईने तिला महिनाभर आधी बोलावून ठेवलं होतं. मला बघून ती गडबडीने उठायला लागली. "मैडम, आप यहाँ?"

तेवढ्यात ग्रंथ आमच्यापर्यंत आला. वाचन चालवणाऱ्या बाईंनी आईचं नाव घेतलं. आईने ग्रंथ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "माह्या वाटचं माही पोरगी वाचते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मले वाचता नाही येत. पाठ आहे नुसतं. तपासून पाह्यलं त्याईनं." मग दीदीकडे वळून तिच्यासाठी हिंदीत म्हणाली, "ये मेरी बेटी है."

दीदीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग परत माझ्याकडे. "हव," ती तिच्या बोलीत हो म्हणाली आणि खाली बसली. पुन्हा काही तिने माझ्याकडे बघितलं नाही. धरणीने पोटात घ्यावं असं कधी वाटतं ते मला त्या क्षणी कळलं.

मी ग्रंथ उघडला. आधीच्या बाई ओघात पुढे वाचत गेल्या होत्या आणि आईच्या पानाच्या मध्येच कुठेतरी थांबल्या होत्या. कुठे, ते मला सापडेना, डोळ्यांपुढे नुसती अक्षरं दिसत होती. तेव्हा आईने हात लांब केला. तिचं बोट ओळींवरून सरकत गेलं, एका ओळीत मागे आलं, ओठातल्या ओठात तिने दोन शब्द जुळवले आणि बरोबर त्या शब्दावर बोट ठेवलं. "इथून," ती म्हणाली.

पाठ म्हणणाऱ्याला असं बोट ठेवता येत नाही. हे मला कळतं, माझा तर तो धंदाच आहे.

"आई, तुला येतं वाचता," मी म्हटलं. "तूच वाच."

"नाही बाई. तुह्यासारखं नाही येत. लोक थांबले, वाच तू."

ग्रंथ तिच्या मांडीवर ठेवायला हवा होता. लोक खरंच थांबले होते, आणि मी वाचलं. पोरगी किती छान वाचते, असं खीर वाढताना दोघीतिघी आईला म्हणाल्या.