सेलूच्या अलीकडं मोडलेलं प्रमेय

पिपरी मेघे गावातली मंजुषा वर्ध्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. समीकरण सुटलं की आनंदानं खडूचे दोन तुकडे करायची. सासू आनंदाबाई शेजारणींना सांगायच्या, "दुसऱ्याइले दारू चढते, आमच्या सुनेले गणित चढते."

२००४ च्या जानेवारीत या दोघी नागपूरच्या एस.टी.त बसल्या. आनंदाबाईंना डोळे दाखवायचे होते. मंजुषाला विद्यापीठात आपलं प्रमेय मांडायचं होतं. तिचे मार्गदर्शक मधुकरराव महिनाअखेर निवृत्त होणार. त्यांना आज पटलं तर पीएच.डी.चा प्रबंध त्यांच्या सहीनं जाणार. नाही तर नवा मार्गदर्शक शोधा, नवी नोंदणी करा, सगळं पहिल्यापासून.

पवनारचा पूल मागं पडला तशा आनंदाबाई म्हणाल्या, "तू काय मांडून राह्यली तिथं? मलेई सांग ना वं."

मंजुषाला तेवढंच पाहिजे होतं. "आत्याबाई, ऑपरेटर म्हणजे एक क्रिया. एकीच्या मांगून दुसरी केली की झाला गुणाकार. पण क्रम बदलला की उत्तर बदलते. कणीक आधी मयायची, मंग लाटायची."

"आधी लाटून मंग मयली त पोई होते का, डोंबल!"

समोरच्या सीटवरची बाई पदर तोंडाला लावून हसली.

"बराबर! आता अशा क्रियांचं आख्खं गाव उचलायचं न् दुसऱ्या जागी बसवायचं. सगळ्याइले एकएक नवं घर, एकबी घर रिकामं नाई."

"धरणात आमचं माहेर गेलं, तसं."

"तसंच. नियम एकच. जुन्या गावात एका क्रियेनं दुसरीले दोन्हीकून धरलं, म्हणजे अ, मंग ब, मंग पुन्हा अ, त जे निघते, तेच नव्या गावातबी निघालं पाहिजे. माझं म्हणणं असं, का एवढा गुणाकार सांभायला त बेरीज आपोआप सांभायली जाते. तिले वेगळं सांगाच लागत नाई! एवढं झालं, न् गाव बसवताना उड्या मारल्या नाई, का ते बसवणं रेषीय झालं."

"बेरजेचं कोणी नाव काढलं नाई, न् ते सुदी आपोआप? मले नाई पटत. साधे आकडे घेऊन दाखव."

"घ्या ना! ज्याचं त्याले त्याच्या घनाचं घर देऊ. दोनाले आठ, तिनाले सत्तावीस. दोन, तीन, दोन, गुणाकार बारा. नव्या गावात आठ, सत्तावीस, आठ, सतराशे अठ्ठावीस. न् बाराचा घन? सतराशे अठ्ठावीस!"

"वा! आता बेरीज."

"दोन न् तीन पाच. पाचाचं घर सव्वाशे. इकडं आठ न् सत्तावीस..." मंजुषाचा हात हवेतच राहिला. "पस्तीस."

"काऊन गप झाली वं?"

"मोडलं, आत्याबाई. माझं प्रमेय मोडलं."

इतकी वर्षं ती अनंत मितींच्या अल्जिब्रात, म्हणजे क्रियांच्या अशा अफाट गावांत, हिंडत होती. साध्या आकड्यांचीही एक अल्जिब्राच होते, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण त्यांना कोण विचारतो! आणि प्रमेयात तर तिनं ठळक लिहिलं होतं: प्रत्येक अल्जिब्रासाठी.

"सेलूले उतरू. घरी जाऊ."

"उतरते कायले? टिकिट नागपूरचं हाय," आनंदाबाई म्हणाल्या. "कुठं फाटलं ते त पाह्य!"

मंजुषानं डोळे मिटले आणि सिद्धता पहिल्या ओळीपासून मनात चालवायला घेतली. ज्याचं नवं घर म्हणजे दोन घरांची बेरीज, असा एक क घ्यायचा. त्याला दोन्हीकडून धरून धरून तो कोण ते ओळखायचं. त्यासाठी ती शेतात धुरा, म्हणजे बांध, टाकावा तशी अल्जिब्रा एका प्रक्षेपानं, दोनदा केली तरी एकदाच केल्यासारख्या क्रियेनं, कापायची. मग चार कोपरे दिसायचे, धुऱ्याच्या दोन बाजूंचे दोन आणि इकडून तिकडं ये-जा करणाऱ्या क्रियांचे दोन. अन् आकड्यांत धुरा टाकायला जागाच कुठं असते! तिथले प्रक्षेप दोनच, शून्य आणि एक.

"धुरा पायजे!" ती एवढ्यानं ओरडली की कंडक्टरनं वळून पाहिलं.

"कोनाचा धुरा?" आनंदाबाई दचकल्या.

पण केळझर आलं आणि 'धुरा असला की पुरे' हे म्हणणं तिनं स्वतःच पाडलं. आकड्यांच्या जोड्या घ्या. धुरा आहे, इकडं एक आकडा, तिकडं एक. दोन्हीकडं घन करा. पुन्हा मोडलं! आता मात्र ती घाबरली नाही, उलट सीटवर पुढं सरकून बसली. जोड्यांत धुऱ्याच्या दोन्ही बाजू एकमेकींकडं फिरकतच नाहीत, त्यांच्यामधले दोन्ही कोपरे रिकामे. म्हणजे धुऱ्यावरून ये-जा पाहिजे! ज्यात क्रम बदलून काहीच फरक पडत नाही, असा सुटा तुकडा अल्जिब्रात कुठंही नको. एवढी अट घातली आणि ती एकएक कोपरा पुन्हा तपासू लागली. पहिला टिकला. दुसरा टिकला. बुटीबोरी आली तेव्हा शेवटचाही टिकला आणि तिनं आनंदाबाईंचा गुडघा असा गच्च दाबला की त्या कळवळल्या, "अवं, हाड हाय ते!"

विद्यापीठात भरल्या वर्गासमोर तिनं फळ्यावर आधी जुनं प्रमेय लिहिलं, आणि त्याच्याखाली आठ, सत्तावीस, पस्तीस, सव्वाशे.

"म्हणजे हे खोटं आहे," मधुकरराव हळूच म्हणाले. "बाई, तुमच्या प्रबंधात तर..."

"हो सर, खोटं. आजच बसमध्ये सापडलं. आता खरं दाखवते."

तिनं चार कोपरे काढले. मधुकररावांनी मधेच अडवलं, "धुरा आहे, पण ये-जा नसेल तर?" तिनं जोड्यांचं उदाहरण मांडलं. त्यांनी आणखी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं तिनं क ला दोन्हीकडून धरून दाखवलं. मग ते उठले, फळ्याजवळ गेले, वरपासून खालपर्यंत एकट्यानं वाचून आले.

"अट घाला," ते म्हणाले. "सोमवारी सुधारलेलं पान आणा, सही करतो."

डोळे नंतर दाखवू म्हणून मागच्या बाकावर बसलेल्या आनंदाबाई बोलल्या, "सोमवारी कायले, सर? आमी वर्ध्याहून आलो ना!"

वर्ग हसला. मधुकररावही हसले. खिशातून पेन काढून त्यांनी टोपण उघडलं आणि मंजुषाच्या बाकाशी येऊन उभे राहिले. मंजुषा कोरा कागद ओढून लिहायला लागली. अक्षर वेडंवाकडं येत होतं, आणि 'प्रत्येक' हा शब्द गाळून ती नव्या अटीसकट पुढचं सगळं भराभर लिहीत सुटली होती.